उंबऱ्याबाहेरचे घर

माझी मावशी गजरे करायची. पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत तिचे दहा बाय तेरा फुटांचे घर होते. वर पत्रा, दाराशी मोरी आणि दाराबाहेर शहाबादी फरशीचा अडीच फुटी ओटा. पहाटे फुलवाला त्या ओट्यावर मोगऱ्याच्या पाट्या ठेवून जायचा. आठ वाजता शेजारच्या तिघीचौघी येऊन बसायच्या आणि दुपारपर्यंत गजरे स्टेशनबाहेरच्या टोपल्यांत पोहोचायचे. २००७ मध्ये रस्त्याच्या कामात ती वस्ती उठली. मावशीला तीन स्टेशने पलीकडे एका पुनर्वसन इमारतीत सातव्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. घरात नळ, घरातच संडास. तिने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले, आणि ते मनापासून वाटले.

सहा महिन्यांत गजरे बंद झाले. लिफ्ट आठवड्यातून दोन-तीन दिवस बंद असायची. फुलवाल्याने सरळ सांगितले, "मावशी, सात मजले पाट्या कोण चढवणार? एका गजऱ्यामागे सुटतात किती?" वर गेल्यावर बायका कुठे बसणार, हा प्रश्न वेगळाच होता. दाराबाहेर साडेतीन फुटांचा बोळ, दोन्ही बाजूंना दारे आणि दिवसाही लावावा लागणारा दिवा. त्या वर्षी दिवाळीला मी गेले तेव्हा ती म्हणाली, "घर मोठं झालं गं, पण बसायला जागा राहिली नाही."

त्या वाक्याने मला कामाला लावले. मी वास्तुशास्त्राची पदवीधर नाही. बारावीनंतर एका वास्तुविशारदांच्या कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागले. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईच्या पेनाने रेघा गिरवायच्या आणि अमोनियाच्या वासात प्रती काढायच्या, हे काम. संगणक आले तसे आमचे काम गेले. तोवर नकाशा वाचायची सवय मात्र हाडात मुरली होती. मावशीच्या त्या दिवाळीनंतर मी पिशवीत मोजपट्टी घेऊन फिरू लागले. लोकांच्या घरी जायचे, चहा घ्यायचा, विचारून भिंती मोजायच्या आणि वहीत लिहायचे. अशा आठ वह्या भरल्या आहेत. त्यांतून आणि वाचनातून जे हाती लागले, ते इथे मांडते.

स्वस्त घर म्हटले की आपल्याकडे चर्चा क्षेत्रफळावर येते. १६०, २२५, २६९, ३००, ५०० चौरस फूट. निवडणुकीच्या सभांमध्येही हेच आकडे ऐकू येतात. हे आकडे महत्त्वाचे आहेत, मी ते नाकारत नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला पन्नास फूट जास्त मिळणे म्हणजे काय, हे एका खोलीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण छोटे घर उंबऱ्याशी संपत नाही. ते ओट्यावर, गॅलरीत, जिन्यात, बोळात पसरलेले असते. नकाशात हा भाग 'सामाईक क्षेत्र' या नावाने उरलेला असतो, आणि खर्च वाचवायचा झाला की कात्री सर्वांत आधी तिथेच लागते.

मुंबईने ही चूक फार आधी करून पाहिली आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधार ट्रस्ट निघाला आणि त्याने ज्या चाळी बांधल्या त्यांना आपण बीआयटी चाळी म्हणतो. परळच्या अशाच चाळीत डॉ. आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर गिरणीकामगारांच्या घरांची टंचाई इतकी झाली की गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये वेगळे विकास खातेच उघडले. हेच बीडीडी. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या आणि त्यासाठी कर्ज काढले गेले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. एकूण सुमारे साडेसोळा हजार. खोली १६० चौरस फुटांची.

या चाळी सिमेंट काँक्रीटच्या होत्या, भक्कम होत्या, आणि शंभर वर्षे टिकल्या. तरी सुरुवातीला त्या लोकांना नको होत्या. वरळीच्या कित्येक खोल्या बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या; सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काहींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. भाडे जास्त होते, गिरण्यांपासून अंतर होते, ही कारणे आहेतच. पण नकाशा पाहिला की आणखी एक कारण दिसते. मधोमध बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. या रचनेत बोळाला उजेड फक्त टोकांना मिळतो आणि खोलीला हवा एकाच बाजूने. समोरासमोरच्या दोन्ही दारांतून आरपार वारा हवा असेल, तर आपल्यासह शेजाऱ्यालाही दार उघडे ठेवावे लागते.

आमची चाळ खासगी मालकाची होती. तीत एकेरी ओळीने खोल्या होत्या आणि समोर लाकडी कठड्याची गॅलरी. मी ती पुढे मोजली तेव्हा पाच फूट दोन इंच भरली. पाच फुटांच्या गॅलरीत काय मावते? एका कडेला खाट टाकली तरी माणूस जाऊ शकतो. म्हणजे उन्हाळ्यात पुरुष बाहेर झोपतात आणि आतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बायकामुलांना अंग टाकायला जागा होते. सकाळी तिथेच गहू निवडले जातात, दुपारी वाळवण पडते, संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला पन्नास-साठ चौरस फूट उघड्यावरचे घर आले, आणि ते भाड्याच्या पावतीवर कुठेच नव्हते. साडेतीन फुटांच्या बोळात यातले एकही काम होत नाही. अंतर फक्त दीड फुटाचे आहे. मला वाटते, मुंबईतल्या गरिबांच्या घरांच्या इतिहासात याहून महाग दीड फूट नसतील.

चाळीच्या आठवणींनी गहिवरून लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. सकाळी संडासापुढची रांग, आजारी माणसाला रात्री बोळ ओलांडून न्यावे लागणे, बायकांनी अंधार पडायची वाट पाहणे, हे सगळे मी पाहिले आहे. घरात संडास मिळाला म्हणून मावशीने पेढे वाटले यात काही चूक नव्हती. प्रश्न इतकाच आहे की संडास देताना गॅलरी का काढून घेतली?

उत्तर जमिनीच्या हिशेबात आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाची आजची योजना १९९५ ची. तिचे सूत्र असे: ठरावीक तारखेपूर्वीपासून राहणाऱ्या झोपडीधारकाला विकासकाने फुकट घर बांधून द्यायचे, बदल्यात विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळते आणि त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागावर घरे बांधून ती तो बाजारभावाने विकतो. सरकारच्या तिजोरीतून थेट पैसा जात नाही. फुकट घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ झाले आणि आता ३०० आहे.

सूत्र हुशार आहे. पण त्याच्या पोटात एक ओढ आहे. पुनर्वसनाची घरे जितक्या कमी जमिनीवर बसवाल, तितकी विक्रीच्या इमारतीसाठी जास्त जमीन मोकळी होते. त्यामुळे एकाच भूखंडावर दोन टोके दिसतात. पुढे रस्त्याला लागून बाग, पोहण्याचा तलाव आणि उंच मनोरा. मागे खेटून उभ्या केलेल्या पुनर्वसन इमारती. त्यात या योजनेत एका हेक्टरवर किमान ५०० गाळे बसवण्याची अट होती. नंतर ती ६५० झाली. एका हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर असतात. भागाकार करा. एका कुटुंबाच्या वाट्याला पूर्वी २० चौरस मीटर जमीन यायची, आता सुमारे साडेपंधरा. त्यातच जिना, रस्ता, गटार, बालवाडी आणि आकाश. नियमांत इमारतींमधल्या अंतराला सवलती दिल्या गेल्या आणि काही वसाहतींत हे अंतर तीन मीटरवर आले.

तीन मीटर म्हणजे काय, हे मी एकदा शाळेतल्या कोनमापकाने मांडून पाहिले. वाचकांनीही पाहावे, गणित सोपे आहे. तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत साधारण २३ मीटर उंच असते. तळमजल्याच्या खिडकीचा कठडा जमिनीपासून एक मीटरवर. म्हणजे समोरची भिंत कठड्यापासून २२ मीटर वर जाते आणि ती तीन मीटरवर उभी आहे. खिडकीतून आकाश पाहायचे तर नजर ८२ अंश वर न्यावी लागते. उरतात ८ अंश. म्हणजे खिडकीतून डोके बाहेर काढून मान मागे टाकली तरच आकाशाची पट्टी दिसणार. तेच अंतर बारा मीटर केले की ८ चे २९ अंश होतात.

आता ऊन पाहू. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. खिडकी दक्षिणेला आहे आणि समोर तीन मीटरवर तितकीच उंच इमारत आहे, असे धरा. ऊन त्या फटीत वरून जेमतेम सव्वातीन मीटर उतरते. म्हणजे सर्वांत वरचा एक मजला. खालच्या सात मजल्यांना हिवाळ्यातल्या दुपारचे ऊन खिडकीत बघायलाही मिळत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की दमट उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश असावे. खिडकी तेवढी असतेही. ती उघडते कशात, हे त्या अपूर्णांकात येत नाही.

याचे परिणाम शरीरावर होतात. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास करून २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दाटीच्या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. तिन्हीकडे राहणारे लोक साधारण सारख्याच परिस्थितीतले. फरक मुख्यतः इमारतींमधल्या अंतराचा, हवेचा आणि उजेडाचा. खालच्या मजल्यांवर रुग्ण जास्त होते. क्षयाचे जंतू बंदिस्त हवेत तरंगत राहतात, वाहत्या हवेत विखुरतात आणि उन्हात लवकर मरतात, हे वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. प्लेगनंतरच्या सुधार ट्रस्टचे अधिकारीही हेच सांगत गल्ल्या रुंद करत होते.

मग लिफ्ट. बैठ्या घरात देखभाल म्हणजे पावसाळ्याआधी पत्र्यावर डांबर लावणे. सातव्या मजल्यावर देखभाल म्हणजे लिफ्ट, पंप, सामाईक वीज, टाकी. त्यासाठी विकासकाने प्रत्येक गाळ्यामागे काही रक्कम ठेव म्हणून द्यायची आणि तिच्या व्याजावर सोसायटीने खर्च चालवायचा, अशी सोय योजनेत आहे. सुरुवातीच्या नियमांत ही रक्कम २० हजार रुपये होती. व्याज सात टक्के धरले तर वर्षाला १४०० रुपये, म्हणजे महिन्याला एका घरामागे एकशे सतरा. पुढे ठेवीची रक्कम वाढली, पण दुप्पट धरली तरी महिन्याला अडीचशेच्या आतच राहते. लिफ्टचा देखभाल करार, पंपाचे बिल आणि झाडूवाला यांचा खर्च तुमच्या सोसायटीच्या पावतीवर बघा, म्हणजे लिफ्ट का बंद असते हे कळेल. माझ्या अनुभवात इथे कोणी चोर असावाच लागत नाही. तो असला तर भर पडते, एवढेच.

दुसऱ्या रीतीने विचार करणारेही होऊन गेले. नव्या मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात वसाहत केली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. मी तिथे पहिल्यांदा गेले ते कचेरीतल्या वरिष्ठ ड्राफ्ट्समनकाकांबरोबर. सात घरे एका आठ बाय आठ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन गट मिळून बारा मीटरच्या मोठ्या चौकाभोवती. असे करत करत साडेपाच हेक्टरांच्या आसपास जागेत साडेपाचशे कुटुंबे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सर्वांत गरीब आणि सर्वांत सुखवस्तू यांच्या जमिनीत दुपटीहूनही कमी फरक. प्रत्येक घर सुटे, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला फार उशिरा कळले. भिंत सामाईक नसली की ज्याचे त्याला घर वाढवता येते. मुलगा लग्नाचा झाला, वर खोली काढली. शेजाऱ्याच्या छताला धक्का नाही. कोरियांना तेच हवे होते.

आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या छपरांची घरे शोधावी लागतात. बऱ्याच ठिकाणी दुमजली-तिमजली बंगले उठले आहेत, चौकांत गाड्या आहेत. वास्तुविशारद मंडळी हळहळतात. मला तितके वाईट वाटत नाही. घर वाढावे म्हणून आखले आणि ते वाढले. खरी अडचण वेगळी आहे. हेक्टरी शंभर घरे हा हिशेब बेलापुरात त्या काळी जमला, कारण जमीन सिडकोच्या हातात होती. धारावीत किंवा वडाळ्यात तो तसाच्या तसा जमणार नाही. बेलापूरकडून घ्यायचा तो चौक: सात घरांना मिळून एक आठ मीटरचे अंगण. सात घरे एकमेकांना नावाने ओळखतात. सत्तर ओळखत नाहीत.

आपल्या होळकरांच्या इंदूरमध्ये बाळकृष्ण दोशी यांनी याच काळात अरण्य ही वसाहत आखली. तिथे गरिबांना पूर्ण घर न देता जमिनीचा लहान तुकडा, जोते आणि संडास-मोरी एवढेच दिले; बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. दोशींच्या संस्थेने नमुन्याची ऐंशी घरे बांधून दाखवली आणि त्यांत ओटा, रस्त्याकडचा जिना, वरचा सज्जा यांचे किती प्रकार होऊ शकतात ते मांडले. मावशीचा ओटा त्या नकाशांत होता. मी तो ओळखला, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर गिरवून घेतला.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते पुण्याच्या येरवड्याने. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवांचा एक भाग होता. त्यातून येरवड्याच्या नेताजीनगर, मदर तेरेसानगर अशा वस्त्यांत जागच्या जागी घरे बांधण्याचे काम झाले. महिला मिलन आणि 'स्पार्क' यांनी बायकांना संघटित केले, नकाशे प्रसन्न देसाई यांच्या कचेरीने केले. घर २७० चौरस फुटांचे. खर्चातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा, बाकी सरकारचा. गल्ल्यांची मूळ रचना मोडायची नाही हे पक्के ठरलेले होते. जिथे तुमचे घर, तिथेच तुमचे नवे घर. ज्याची जागा लहान, त्याने वर चढायचे. काही ठिकाणी तळ मोकळा सोडला, तिथे दुकान किंवा गाडी. काही शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून मिळून बांधले.

हे ठरवण्याआधी स्पार्क आणि महिला मिलन यांची एक जुनी पद्धत वापरात आली: कापडाचे घर. बांबूंना साड्या-चादरी बांधून अगदी खऱ्या मापाचे घर मैदानात उभे करायचे आणि लोकांनी आत शिरून पाहायचे. नकाशा वाचता येणारी माणसे ही गोष्ट क्षुल्लक समजतात. मी आयुष्यभर नकाशे गिरवले, पण कापडाच्या भिंतीत उभे राहिल्यावर कळते की कपाट कुठे ठेवले की दार उघडत नाही, भाकरी थापायला बसलेल्या बाईला ओलांडून मोरीत जावे लागते. बायका आत जाऊन बसतात, आडव्या होतात, आणि "हा संडास दारातून दिसतो, तिकडे फिरवा" असे सांगतात. पेन्सिलीची रेघ पुसायला काहीच खर्च नसतो. काँक्रीटची रेघ पुसता येत नाही.

येरवड्यात सगळे छान झाले असे नाही. एकेका घराचा पाया, शेजाऱ्याची भिंत, बोळातून डोक्यावर वाहावे लागणारे सामान यामुळे काम रेंगाळले. मोठ्या कंत्राटदाराला असे काम परवडत नाही. काही घरे तीन बाजूंनी बंद राहिली, कारण वस्तीच तशी होती. बांधकाम चालू असताना कुठे राहायचे, हा प्रत्येक कुटुंबाचा वेगळा तिढा. आणि हा मार्ग ज्याच्याकडे निदान वस्तीतली जागा आहे त्यालाच खुला आहे. भाडेकरूला नाही. गावाहून काल आलेल्या पोराला तर नाहीच.

त्या पोराचे घर हा आपल्या चर्चेतला सर्वांत मोठा खड्डा. सगळ्या योजना कुटुंब धरून चालतात. पण शहरात एकटी माणसे येतात, म्हातारी एकटी उरतात, रुग्ण येतात. त्यांना नुसत्या चार भिंती पुरत नाहीत. जेवण, औषध, कोणी विचारणारे माणूस भिंतींबरोबर लागते. परदेशांत याला आधारासह निवारा असे काही म्हणतात आणि त्याची धोरणे असतात. आपल्या गिरणगावात धोरण नव्हते, पण गोष्ट होती. गावकरी मंडळाची खोली: एका गावचे वीस-पंचवीस जण भाडे वाटून घेत, पाळ्यांप्रमाणे झोपत, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बाईला माहीत असे की अमका दोन दिवस जेवायला आला नाही, म्हणजे आजारी आहे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. खोली आणि खानावळ मिळून एक घर होत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तशी ही व्यवस्थाही विरली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

एक मात्र अजून चालू आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांची माणसे तिथे अल्प खर्चात राहतात. खोली, जेवण, आणि त्याच वाटेवरचे सोबती. आमच्या नात्यातले एक जण तिथे राहिले होते. ते सांगत, "डॉक्टरांनी जे समजावलं नाही ते शेजारच्या खाटेवरच्या माणसानं समजावलं." घराची आखणी शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना तिथे एक दिवस नुसते बसवावे, असे माझे मत आहे.

सोलापूरचाही उल्लेख करते, कारण तिथे मावशीचा प्रश्न हजारांनी गुणलेला आहे. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये तिच्या चाव्या दिल्या गेल्या. नंतर नरसय्या आडम यांच्याच पाठपुराव्याने रे नगर झाले; तीस हजार घरांची योजना, त्यांतल्या पंधरा हजारांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये. विडी घरीच वळली जाते. सूप मांडीवर, पाने ओली ठेवायची, तंबाखूची धूळ नाकातोंडात. अशा घरात जेवण जिथे शिजते आणि मूल जिथे झोपते तिथेच तंबाखू असू नये, एवढी साधी गोष्ट नकाशाने पाळायची तर दाराबाहेर सावलीची, वाऱ्याची, चार बायका बसतील अशी जागा हवी. पुन्हा ओटा.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५००. वर्तमानपत्रांतले ते चेहरे बघून मला मावशीचे पेढे आठवले. ती घरे मी अजून मोजलेली नाहीत. पण जाईन तेव्हा आधी बोळ मोजीन, मग लिफ्टच्या देखभालीचा करार कोणाच्या नावे आणि किती वर्षांचा आहे ते विचारीन.

मावशी आता अठ्ठ्याहत्तरची आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दर शंभर गाळ्यांमागे बालवाडी आणि कल्याण केंद्र यांसाठी खोल्या ठेवाव्या लागतात. तिच्या इमारतीतही तळमजल्याला अशी एक खोली आहे. त्यात गेली कित्येक वर्षे गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या आहेत. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने, जी ऑनलाइन मागणीवर फुलांच्या माळा करून देते, सोसायटीकडे ती खोली दुपारी बारा ते चार उघडून मागितली. दोन बैठका झाल्या. विजेचे बिल कोणी भरायचे यावर अडले. मी खोली मोजून दिली: अठरा फूट बाय अकरा, दोन खिडक्या, त्यातली एक रस्त्याच्या बाजूला. बांबू बाहेर कुठे ठेवायचे, याचा नकाशाही ट्रेसिंग पेपरवर काढून दिला. चावी अजून सेक्रेटरींकडे आहे. लिफ्ट चालू असली की मावशी खाली उतरते आणि त्या खोलीच्या बंद दारासमोरच्या पायरीवर बसते. त्या मुलीला मोगऱ्याची गाठ अजून नीट बसत नाही, ती तिथे शिकवणे चालू आहे.